पडावं कसं, हसावं कुठं

जालना रोडनं शहरातून निघालं की आधी मुकुंदवाडी, मग विमानतळ, मग चिकलठाणा आणि त्याच्या पुढं केंब्रिज चौक. एका शाळेवरून चौकाला हे नाव पडलं आणि आता ते इतकं रुळलंय, की त्यात काही गंमत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सकाळी रिक्षावाले "केंब्रिज, केंब्रिज, एक शीट, एक शीट!" असा पुकारा करत असतात. डोईवर मेथीचं गाठोडं घेतलेली एखादी मावशी भाड्यावरून जरा घासाघीस करते, गाठोडं मांडीवर घेऊन कडेला टेकते आणि केंब्रिजला जाते. तिच्याइतक्या निर्विकार चेहऱ्यानं केंब्रिजला गेलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. माझ्या माहितीतले जे खऱ्या केंब्रिजला जाऊन आले, ते परतल्यावर आयुष्यभर तिथंच राहिले.

विमानतळ आमच्या घरापासून फार लांब नाही. विमानं दिवसाकाठी मोजकीच येतात-जातात, पण त्यांचं वेळेचं भान एखाद्या मुरलेल्या खलनायकाचं आहे. टीव्हीवर कुणी दोन वाक्यांची तयारी करून तिसऱ्यात कोटी करायला तोंड उघडावं, नेमकं तेव्हाच मुंबईचं विमान छपरावरून जातं. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पडद्यावरच्या ओठांची नुसती उघडझाप दिसते आणि आवाज ओसरतो तेव्हा स्टुडिओतले प्रेक्षक हसून मोकळे झालेले असतात. आपण त्या उष्ट्या हशाकडे पाहत बसायचं. कुणी जिन्यावरून गडगडत आलं तर मात्र विमानाची काही अडचण नसते. विनोदाचे दोन प्रकार आमच्या घरी असे विमानानंच वेगळे करून दिले: एक विमानात बुडणारा आणि एक तरंगणारा.

भाचा लंडनमधल्या हॅरोला राहतो. "मामा, या जुन्या मालिका बघाच," म्हणून तो दुवे पाठवत असतो आणि प्रत्येकासोबत प्राध्यापकी टीपही असते. ही ब्रॉड, ही सटल, ही ड्राय. माझी आई ऐंशीच्या घरात आहे. तिला इंग्रजी येत नाही, तरी संध्याकाळी ती शेजारी येऊन बसते, कारण एकट्यानं टीव्ही पाहणं हा तिच्या मते एक प्रकारचा आजार आहे. भाच्याच्या वर्गवारीशी तिला कर्तव्य नव्हतं. तिनं आपली स्वतःची केली. ज्या मालिकेत माणसं आपटतात ती 'पडायची' आणि ज्यात खुर्चीवर बसून बोलतात ती 'बसायची'. "आज पडायचं लाव रे," ती म्हणते, "बसायचं नको, आधीच कंबर धरलीय."

पडायच्या मालिकांत तिला पहिला लळा लागला तो फ्रँक स्पेन्सरचा. 'सम मदर्स डू हॅव देम' ही मालिका बीबीसीवर 1973 ते 1978 या काळात होती. डोक्यावर काळी बेरे टोपी, अंगात रेनकोट आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाचं भलं करण्याची इच्छा, असा हा माणूस. तो ज्या वस्तूला हात लावील ती कोसळते. ही भूमिका करणारा मायकेल क्रॉफर्ड पडाआपटायची कामं स्वतःच करायचा. चाकांच्या बुटांवरून भर रस्त्यात सुटलेला आणि चालत्या मालमोटारीखालून आरपार गेलेला तो खरोखरचा क्रॉफर्ड आहे, बदली माणूस नव्हे. हाच पुढं 1986 साली लंडनच्या रंगभूमीवर 'फँटम ऑफ द ऑपेरा'चा गंभीर नायक झाला, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. इतकं बेताल दिसण्यासाठी ज्याला इतका ताल लागतो, त्याला गाणं जड जाणार नाही. आई मात्र त्या रस्त्याच्या प्रसंगात हसलीच नाही. पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "ह्याच्या आईच्या जिवाला किती घोर असंल!" मालिकेच्या नावातही आईच आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

बॅसिल फॉल्टीच्या वेळी आमच्या घरात पहिल्यांदा मतभेद झाला. 'फॉल्टी टॉवर्स'चे सगळे मिळून बाराच भाग. सहा 1975चे, सहा 1979चे. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी ते लिहिले. 1970 साली क्लीजच्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी चमूची मंडळी टॉर्की गावातल्या एका हॉटेलात उतरली होती आणि तिथला मालक पाहुणे आले की त्याच्या कामात व्यत्यय आल्यासारखा वागायचा. एरिक आयडलची बॅग टिकटिक करते, म्हणजे आत बॉम्ब असणार, असं समजून त्यानं ती बागेतल्या भिंतीपलीकडं ठेवून दिली होती. आत गजराचं घड्याळ होतं. बाकीची मंडळी वैतागून दुसरीकडं राहायला गेली. क्लीज मात्र तिथंच थांबला आणि मालकाला बघत बसला. मालिकेतला हॉटेलमालक बॅसिल त्यातूनच घडला. वैतागण्यासारख्या माणसाकडं जरा जास्त वेळ बघत बसणं, हे विनोदी लेखकाचं निम्मं काम असावं.

'फॉल्टी टॉवर्स'मधला एक प्रसंग जगजाहीर आहे. खास मेजवानीची रात्र, दुसऱ्या रेस्टॉरंटातून आणलेलं जेवण गाडीत आणि गाडी रस्त्यात बंद पडते. बॅसिल गाडीला समज देतो, धमकी देतो, एक-दोन-तीन मोजतो आणि शेवटी झाडाची फांदी आणून तिला झोडपून काढतो. आरडाओरडा, हातवारे, सहा फुटांहून उंच माणूस लाल मोटारीला छड्या मारतोय. यापेक्षा ढोबळ विनोद शोधून सापडायचा नाही. पण तो प्रसंग पुन्हा लावून बघा. फांदी आणायला बॅसिल पळतो आणि चित्रातून बाहेर जातो. कॅमेरा त्याच्या मागं जात नाही. काही क्षण चौकटीत फक्त ती गाडी उभी असते, निमूट, आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय याची सुतराम कल्पना नसलेली. हसू खरं तिथं फुटतं, त्या मोकळ्या चौकटीत. फांदी येते ती वसुलीला.

आई त्या फांदीला हसली नाही आणि चौकटीलाही नाही. बॅसिल वेटर मॅन्युएलच्या डोक्यात टपली मारतो तेव्हा तर ती चिडलीच. "परमुलखातलं पोरगं दिसतंय. मारतो कशाला? जेवला का विचार आधी." मॅन्युएल बार्सिलोनाचा, भाषेची बोंब, आणि मालक बोटानं खुणा करून आणखी गोंधळ घालणारा. आमच्या एमआयडीसीत दूरच्या राज्यांतून आलेली अशी कित्येक पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. आई त्यांच्याशी मराठीत बोलते, ती तिच्याशी हिंदीत, आणि दोघांचंही उत्तम चालतं. ती हसली ते भलतीकडंच. ओरडता ओरडता बॅसिलला एकदम दारातला पाहुणा दिसतो आणि ताणलेली मूठ हवेतल्या हवेत उलगडून नमस्कारासारखी होते, तिथं. "बघ, बघ," ती म्हणाली, "घरात वाघ अन् दारात गाय." माझ्या भाच्याला यावर दोन परिच्छेदांची टीप लिहावी लागली असती.

बॅसिलची गाडी पाहताना मला वडिलांची स्कूटर आठवते. ते चिकलठाणा एमआयडीसीत फिटर होते. पहाटेच्या पाळीला निघताना स्कूटर आधी एका अंगावर कलती करायची, पोटातलं पेट्रोल हलवून घ्यायचं, मग उभी करून किक मारायची, असा एक विधीच होता. दहापाच किका वाया गेल्या तरी वडील तिला कधी वावगं बोलले नाहीत. उलट त्यांची भाषा अधिकाधिक आदराची होत जायची. आधी "चल गं", मग "चला आता", आणि शेवटी घाम पुसत, "ठीक आहे बाईसाहेब, तुमची मर्जी." मग ते तिला स्टँडला लावून, कापडानं पुसून, चालत फाट्याकडं निघायचे. आई दारात उभी राहून हसू दाबायची. वडिलांना ती हसताना दिसायची की नाही कोण जाणे. पण वळणावर गेले की एकदा मागं वळून, स्कूटरला हात करायचे.

हेच वडील नाटकाला गेले की मात्र मांडीवर थापा मारत, शेजाऱ्याला कोपरखळ्या देत हसायचे. इथं मला लक्ष्मण देशपांड्यांबद्दल सांगायला हवं, कारण ब्रिटिशांच्या विनोदाशी आमच्या शहराचा अधिकृत संबंध त्यांच्यामुळंच आला. आमच्या शहरानं एक अख्खं वऱ्हाडच लंडनला धाडलं. देशपांडे इथल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, त्या विभागाचे प्रमुख झाले, आणि 1979पासून त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं केलं. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नवरदेवाकडचे तेच आणि नवरीकडचेही तेच. मराठवाड्यातल्या खेड्यातली माणसं लग्नासाठी लंडनला निघतात, एवढीच गोष्ट. पण त्यातली बावन्न माणसं देशपांडे एकटे करायचे, म्हातारे, पोरं, बाया, बबन्या, जानराव, सगळे. पुढं गिनीज बुकात नोंद झाली. ती व्हायच्या कितीतरी आधी आमच्याकडच्या घरांत पोरं जेवता जेवता त्यातली माणसं करून दाखवत आणि रागावलेल्या आया हसू आवरत नाही म्हणून आणखी रागावत.

मी ते लहानपणी संत एकनाथ रंगमंदिरात पाहिलं, वडील आणि आजोबा यांच्या मधल्या खुर्चीत बसून. ती जागा आयुष्यात फार थोड्यांना मिळते. उजवीकडं गडगडाट आणि डावीकडं शांतता. आजोबांना हसताना आवाज नव्हता. फक्त खांदे हलायचे, तेही उशिरा. त्यांचं हसू निजामाच्या टपालातून आलेल्या पत्रासारखं असायचं. दोन दिवस मागं, पण लखोटा शाबूत. देशपांडे म्हातारीसारखे वाकले, पोरासारखे नाचले, की वडिलांची खुर्ची करकरायची. आणि देशपांडे एका माणसातून दुसऱ्या माणसात जाताना मान वळवायचे, त्या वळणावर क्षणभर रंगमंचावर कुणीच नसायचं. आधीचा माणूस निघून गेलेला आणि पुढचा अजून आलेला नाही. आजोबांचे खांदे तिथं हलायचे. मोकळ्या रंगमंचाला हसणारा तो एकटाच प्रेक्षक असावा, असं मला तेव्हा वाटायचं. बॅसिलची ती रिकामी चौकट पाहिल्यापासून वाटतं, आजोबांना बीबीसीत नोकरी द्यायला हरकत नव्हती.

आजोबांची नजर तयार झाली होती ती पैठणला. इथून पैठण पन्नासेक किलोमीटर; नाथषष्ठीला ते जायचेच. तिथं भारुडं ऐकायची, खरं तर बघायची. 'विंचू चावला' म्हणत ठिगळांची साडी नेसलेला मिशाळ गडी वाळवंटात असा लोळायचा, असा तडफडायचा, की बायका डोळे पुसत हसायच्या. आणि मग तो हळूच सांगायचा, की हा विंचू दगडाखालचा नाही, तो आपल्याच पोटातल्या कामक्रोधाचा आहे. हसणारी तोंडं उघडीच राहायची, आतलं हसू मात्र जागा बदलायचं. एकनाथांनी सोळाव्या शतकात हे करून ठेवलं. ढोबळ काय आणि सूक्ष्म काय, असा वाद घालणाऱ्या कुणाही पंडिताला एकदा त्या वाळवंटात नेऊन बसवावं. लोळणारा एकच आहे. विंचू किती खोल चावला, हे ज्याचं त्यानं बघायचं.

ब्रिटिशांकडं भारूड नाही, पण ट्रिगर आहे. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधला तो भाग 8 जानेवारी 1989 रोजी दाखवला गेला आणि त्यातलं डेल बॉयचं पडणं तिकडं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या यादीत पहिलं येतं. डेल बॉय, म्हणजे डेव्हिड जेसन, नव्या श्रीमंतांच्या दारूच्या गुत्त्यात ऐटीत उभा आहे. दोन पोरींवर छाप पाडायची आहे. तो काउंटरला टेकायला जातो, पण मधल्या वेळात नोकरानं काउंटरची फळी उचललेली असते. डेल तिरपा होतो आणि ओंडक्यासारखा आडवा नाहीसा होतो. लेखक जॉन सुलिव्हननं असा प्रकार एका गुत्त्यात प्रत्यक्ष पाहिला होता, पण तो माणूस ऐनवेळी सावरला होता. जेसनचा आग्रह असा, की सावरायचं नाही. हात पुढं करायचा नाही, खाली बघायचं नाही, पडतोय हे शरीराला कळूच द्यायचं नाही. पडणाऱ्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो. तो आवरायला जी साधना लागते, ती पाहून कुठल्याही योगशिक्षकानं खाली बसावं.

या भागाला आई मनसोक्त हसली. मला वाटलं, अखेर पडण्याचा विजय झाला. पण ती बोट दाखवत होती ते डेलकडं नव्हतं. डेलच्या शेजारी त्याचा मित्र ट्रिगर उभा असतो, रॉजर लॉइड-पॅक. गडी मंद आणि भला. डेल पडतो तेव्हा ट्रिगरची नजर दुसरीकडं असते. तो वळतो आणि शेजारी कुणीच नाही. मघाशी होता तो माणूस कुठं गेला, हे कोडं त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उमटतं, पण त्याला घाई म्हणून नाही. "हा," आई डोळे पुसत म्हणाली, "हा आपल्या बापूसारखा आहे." बापू म्हणजे आमचा एक चुलत चुलता. लग्नात मांडव कोसळला तेव्हा तो त्याच्याखालून शांतपणे निघून आला होता आणि "जेवणं व्हायची का?" असं विचारत होता.

आईची वर्गवारी मग ढासळायला लागली. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' ही 1990 ते 1995 या वर्षांतली मालिका तिनं बसायच्या खात्यात टाकली होती, कारण त्यात सारखा चहा-कॉफी चालतो. हायसिंथ बाईला आपलं खानदान मोठं दाखवायचा सोस. पॅट्रिशिया रूटलेजनं ती अशी रंगवली, की आपल्याच सोसायटीत राहते असं वाटावं. ती शेजारच्या एलिझाबेथला उंची चिनीमातीच्या कपात कॉफी देते आणि कप फुटू नये म्हणून इतक्या प्रेमानं लक्ष ठेवते, की बिचारीचे हात थरथरू लागतात. कप बशीवर वाजायला लागतो, कॉफी सांडते. कुणी कुणाला बोललेलं नाही, ढकललेलं नाही. पडतो फक्त एक थेंब, आणि त्यामागं सबंध इंग्लंडची वर्गव्यवस्था उभी. याला पडायचं म्हणायचं की बसायचं?

आई त्या वेळी हसता हसता थांबली. पुण्याच्या नातेवाइकांकडं गेलं की ती नेहमी "मला आपला स्टीलच्या पेल्यातच द्या" म्हणायची, हे मला आठवलं. आम्हाला ती तिची साधी राहणी वाटायची. एलिझाबेथचा कप वाजला तेव्हा ती हळूच म्हणाली, "काचंचं असतं ना ते, बोटं मोठी पडतात." मी आवाज थोडा वाढवला. विमानही काही येईना.

बसायच्या मालिकांची गोष्ट वेगळी. 'येस मिनिस्टर' लागली की आई दहा मिनिटांत झोपते, आणि मी एकटा हसत राहतो. 1980 साली सुरू झालेल्या या मालिकेत हुद्दा जितका वरचा तितकं हलणं कमी. सनदी अधिकारी सर हम्फ्री, म्हणजे नायजेल हॉथॉर्न, मंत्रिमहोदयांसमोर हात बांधून उभा राहतो आणि एका श्वासात असं वाक्य सोडतो, की ते संपेपर्यंत मंत्र्याचा प्रश्नच वारलेला असतो. एका भागात पाचशे कर्मचारी असलेलं, उत्तम चाललेलं इस्पितळ आहे. त्यात रुग्ण मात्र एकही नाही. मार्गारेट थॅचरना ही मालिका एवढी आवडायची, की 1984 साली त्यांनी त्यातल्या नटांबरोबर एक छोटा प्रवेश करून दाखवला. नट बिचारे अवघडून उभे होते. सत्तेनं स्वतःच विनोद करायला घेतला, की विनोदवाल्यांनी कुठं बघावं हा प्रश्नच असतो. 2001 साली या मालिकेचंच हिंदी रूप 'जी मंत्रीजी' आलं. त्यात फारुख शेख मंत्री. त्यांना पाहून आई म्हणाली होती, "हा गरीब जीव मंत्री कसा झाला?" माझ्या मते त्या मालिकेचं यापेक्षा नेमकं परीक्षण झालेलं नाही.

मला स्वतःला हम्फ्री परका वाटत नाही. एका कचेरीत मी साध्या उताऱ्यासाठी गेलो असताना तिथल्या वृद्ध बाबूंनी चष्म्यावरून पाहत मला समजावलं होतं, "साहेब, काम झालेलंच आहे. फक्त ते झाल्याचं अजून आमच्यापर्यंत आलेलं नाही." त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मी चिडायचं विसरून तो सुबक चेहरा पाहत राहिलो. असा चेहरा घडायला चाळीस वर्षांची नोकरी लागते.

बसायच्या मालिकांपैकी आईला एकच खरी उमगली, 'डॅड्स आर्मी'. 1968 ते 1977 चाललेली. दुसऱ्या महायुद्धात गावाच्या रक्षणाला उभी राहिलेली म्हाताऱ्याकोताऱ्यांची पलटण आणि तिचा कॅप्टन, बँकेचा मॅनेजर. 1973च्या एका भागात पकडलेला जर्मन अधिकारी वहीत नावं टिपत असतो, युद्ध जिंकल्यावर हिशेब करायला. पाइक नावाचा पोरसवदा शिपाई हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. जर्मन विचारतो, तुझं नाव काय? आणि कॅप्टन मॅनरिंग घाईघाईनं ओरडतो, सांगू नकोस, पाइक! कुणी जागचं हललेलं नाही, पण पलटणीची अब्रू पार आडवी झालेली. ऐन त्याच वाक्यावर आमच्या छपरावरून विमान गेलं. मी आईला ते मराठीत समजावलं, ती "हं" म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता ती एकटीच हसायला लागली. मग सांगू लागली. पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट, तिच्या वडिलांनी सांगितलेली. त्यांच्या गावात निजामाचे शिपाई आले. पारावर बसलेल्या एका पोरानं त्यांच्याकडं बघून काहीतरी टवाळकी केली. जमादारानं दरडावलं, नाव सांग! पोरगं गप्प. तेवढ्यात मागून गावचा पाटील, त्याला वाचवायला म्हणून, ओरडला, "सांगू नको रं ग्यानबा!" मी विचारलं, मग पुढं? "पुढं काय," आई म्हणाली, "ग्यानबा मागच्या मागं मळ्यात पळाला. अन् पाटलाला वरीसभर कुणी चावडीवर तोंड उघडू दिलं न्हाई." मराठवाडा 1948च्या 17 सप्टेंबरला मुक्त झाला, 'डॅड्स आर्मी' त्यानंतर वीस वर्षांनी सुरू झाली. ही गोष्ट खरोखरच आजोळची की तूर निवडताना जुळून आलेली, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

एक मालिका मात्र मी आईला दाखवली नाही. 'माइंड युअर लँग्वेज' आपल्याकडं पुष्कळांना आवडते, 1977 सालची. लंडनच्या एका शिकवणीत देशोदेशीची माणसं इंग्रजी शिकतात आणि चुकतात. मला ती आता फारशी हसवत नाही. तिथं प्रत्येकाच्या वाट्याला एकच खोड आली आहे आणि ती त्याला जन्मभर पुरवायची आहे. देशपांड्यांच्या वऱ्हाडातली माणसंही इंग्रजीत अडखळतात, विमानात गोंधळ घालतात, आणि त्यांच्यावर हसणारे प्रेक्षकही बहुतेक त्यांच्यासारखेच, पहिल्यांदा विमानात बसायची धाकधूक असलेले. पण तिथं आपण हसता हसता त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असतो. त्यांचा गोंधळ ढोबळ आहे, माया ढोबळ नाही.

लक्ष्मण देशपांडे 2009च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्यामागं संदीप पाठक यांनी ते वऱ्हाड पुढं नेलं. तुमच्या गावात प्रयोग लागला तर घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जा आणि अधूनमधून रंगमंचावरून नजर काढून ते कुठं हसतात तेही बघा. डेल बॉय बघाल तेव्हा तसंच एकदा फक्त ट्रिगरकडं बघा. वऱ्हाडाची तिकिटं शक्यतो मधल्या रांगेतली काढा. पुढच्या रांगेतले पाहुणे हसायला लाजतात, आणि मागच्या रांगेतले हसून पुढचं ऐकू देत नाहीत.